डाव्या हाताचा अंगठा



रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. पुण्याजवळच्या एका दगडखाणीवर राहणाऱ्या, वडार समाजातल्या. दुकानदाराने तीनदा परत पाठवलं होतं. जन्मभर दगड हाताळून उजव्या अंगठ्याच्या रेघा पुसून गेलेल्या. मी सहज म्हटलं, "मावशी, डावा लावून बघितला का?" त्यांनी पदराखालचा डावा हात बाहेर काढला. अंगठ्याचं वरचं पेर नव्हतंच.

"धाकटी पोटात होती तवा गेलं. घण निसटला."

धाकटी आता अकरावीला आहे. त्या वस्तीवर मी चार वर्षं जात होते. बचतगटाच्या वहीत मावशींचा ठसा मीच घेतला होता. पण बाईचा उजवा अंगठा आणि पुरुषाचा डावा, असा आपल्याकडचा कागदपत्रांचा रिवाज. त्यामुळे डावा हात बघण्याची वेळच आली नाही. दारू, मारहाण, मुलींची लग्नं, शाळा, पाणी, सगळ्याबद्दल आम्ही बोललो. हाताबद्दल कधी बोललो नाही. रेशनचं काम शेवटी सुनेच्या अंगठ्यावर झालं. पण नंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी-तिघी वस्तीवर फक्त हात बघायला गेलो, आणि जे पाहिलं त्यामुळे या अंकाचं संपादकीय ठरलेला विषय बाजूला ठेवून लिहावं लागतं आहे.

'खाण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोळसा येतो, जमिनीखालचा बोगदा येतो, डोक्यावर दिवा लावलेला पुरुष येतो. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात औद्योगिक सुरक्षेच्या धड्याला जे चित्र होतं, त्यातही तोच होता. पण १९५२ चा खाण कायदा उघड्यावरच्या दगडखाणीलाही खाणच म्हणत होता. डोंगर फोडून डबर काढायचं, डबराची खडी करायची, हे खाणकाम. त्या अर्थाने आपल्या रस्त्यांची आणि इमारतींची खडी फोडणारी बाई ही खाण कामगार. तिला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. ती स्वतःला 'दगड फोडणारी' म्हणते.

काम कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण इजा त्या कामातूनच होते. सुरुंगाने दगड सुटतो तो ओबडधोबड, मोठा. यंत्राच्या तोंडात जाणार नाही असा धोंडा घण मारून लहान करायचा. फट पाहून तिच्यात छिन्नी बसवायची आणि वरून हातोडा. एकाने छिन्नी धरायची, दुसऱ्याने मारायचं. बहुतेक ठिकाणी मारणारा नवरा आणि धरणारी बायको. म्हणजे घाव चुकला तर हात तिचा. हाताने खडी फोडायचं काम पुष्कळ ठिकाणी खडीमशीनने घेतलं असलं, तरी जिथे ते उरलं आहे तिथे बाई उकिडवी बसते, डाव्या हाताने किंवा पायाच्या बोटांनी दगड धरते आणि उजव्या हाताने हातोडी चालवते. दिवसाकाठी किती घाव? आम्ही मोजायला बसलो आणि दहा मिनिटांत नाद सोडला. त्यातला एखादा चुकणारच. चार वाजता, उन्हात, पोटात काही नसताना चुकणारच.

मग हत्याराचीच गोष्ट. छिन्नीच्या डोक्यावर घाव बसून बसून ते डोकं आळंब्याच्या छत्रीसारखं पसरतं, कडा फाटतात. पुढच्या एखाद्या घावाला त्या कडेचा तुकडा उडतो. तो दगडाचा कपचा नसतो, पोलादाचा असतो आणि गोळीसारखा जातो. डोळ्यात शिरलेला लोखंडाचा कण बाहेरून दिसत नाही, पाणी येऊन थांबतं, बाई कामाला लागते. आत तो कण गंजत राहतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, नजर जाते. हे टाळायला काय लागतं? पसरलेली कड वेळोवेळी घासून काढायची, पाच-दहा मिनिटांचं काम. लोहाराकडे छिन्नीला पाणी द्यायला जातात तेव्हाच होईल. पण लोहाराकडे जायचं म्हणजे अर्धा रोज बुडतो, आणि हत्यार बहुतेक ठिकाणी कामगाराचं स्वतःचं. मालक देतो ती उचल, तीही फेडायची असते.

हातोड्याचा दांडाही तसाच. लाकूड उन्हात सुकतं, आकसतं, पाचर सैल होते आणि लोखंड निसटून जातं. बायका रात्री हातोडा पाण्यात घालून ठेवतात, तडा गेलेल्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळतात. एक गोष्ट आम्हाला झोपडी झोपडी फिरल्यावर दिसली आणि ती एकदा दिसली की सगळीकडे दिसायला लागली: नवा हातोडा नवऱ्याकडे असतो. झिजला की तो बायकोकडे येतो. जेवणाच्या ताटात जे आपण वर्षानुवर्षं दाखवत आलो, तेच इथे लोखंडात.

मालक म्हणतात, चष्मे दिले तर बायका घालत नाहीत. हे खोटं नाही. ऑफिसात खिळ्याला टांगलेले ते प्लास्टिकचे चष्मे आम्ही घालून बघितले. घामाने दोन मिनिटांत धुरकटले. हातमोजे पुरुषी मापाचे, त्यात हातोडी फिरते. ब्रासवर पैसे मिळत असताना न दिसणारा चष्मा कोण घालील? बारीक तारेच्या जाळीचे चष्मे असतात, ते धुरकटत नाहीत. धूळ थांबवत नाहीत, पण कपचा थांबवतात. कुणी बाईला विचारून, तिच्या तोंडावर बसवून बघून चष्मा आणला असता तर हे केव्हाच कळलं असतं.

आता प्रश्न असा, की इतक्या बोटांची, इतक्या डोळ्यांची नोंद कुठे आहे?

खाणीवर मजुरी 'जोडी'ची असते. नवरा-बायको मिळून एक जोडी, इतके ब्रास, इतके पैसे. हजेरीपटावर, जिथे हजेरीपट आहे तिथे, नाव नवऱ्याचं. बाई त्याच्या नावात जमा. तिला लागलं तर कामगाराला लागलं असं होत नाही, कामगाराच्या बायकोला लागलं असं होतं. जुना खाण कायदा इजेच्या बाबतीत चांगला बारकाईने लिहिलेला होता. बोटाच्या पेराचं हाड मोडलं तरी तो त्याला गंभीर शारीरिक इजा म्हणत होता. त्याहून किरकोळ इजा, तर बहात्तर तास किंवा जास्त कामावर येता आलं नाही की ती नोंदवण्याजोगी. पण बहात्तर तास घरी कोण बसतं? जिला पगारी रजा आहे ती. ब्रासवर काम करणारी बाई चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी हजर. घरी बसली तर जोडी मोडते, नवऱ्याचाही रोज बुडतो, आणि त्यावरून रात्री काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तिच्या सोसण्यामुळेच तिची इजा हिशेबातून बाहेर पडली.

हाडच मोडलं, बोटच गेलं, तरी? तेव्हा दवाखान्यात नेतो तो मुकादम. केसपेपर लिहिणाऱ्याला तोच सांगतो, "घरात पडली." एका भगिनीचा केसपेपर आम्ही पाहिला. डाव्या तर्जनीचा चेंदा झालेला, आणि कारण लिहिलेलं, दारात बोट सापडलं. त्या झोपडीला दारच नव्हतं, गोणपाट होतं.

हा एक शब्द किती रुपयांचा असतो तेही पाहू. भरपाईचा १९२३ चा कायदा आपल्यापैकी अनेकींनी वापरलेला नाही, कारण तो आपल्याला 'पुरुष कामगारांचा' वाटत आला. त्याच्या परिशिष्टात टक्केवारीचा तक्ता होता: पूर्ण अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, अंगठ्याचं वरचं पेर २० टक्के, पूर्ण तर्जनी १४ टक्के, एका डोळ्याची नजर ३० टक्के. तीस वर्षांच्या बाईची मजुरी महिना आठ हजार धरा. त्याचे साठ टक्के, गुणिले त्या वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे ९,९८,३०४ रुपये. अंगठ्याच्या पेराचे त्यातले २० टक्के काढले तर जवळजवळ दोन लाख होतात. मावशींना मुकादमाने तीनशे रुपये आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं. त्यांनी ते उपकार म्हणून घेतले आणि अजूनही त्याचं नाव चांगुलपणाने काढतात.

(हा हिशेबही अपुराच आहे. भाकरी थापता येत नाही, धुणं पिळता येत नाही, तान्हं मूल एका हाताने पाजावं लागतं. ही क्षमता कोणत्याच तक्त्यात नाही.)

कायद्याला बाई दिसत नव्हती असं म्हणावं, तर तसंही नाही. भलत्याच ठिकाणी दिसत होती. १९५२ च्या कायद्याच्या कलम ३ ने लहान दगडखाणींना जवळजवळ सगळ्या तरतुदींतून सूट दिली होती: खोदाई सहा मीटरहून जास्त नको, माणसं पन्नासहून जास्त नकोत, सुरुंग नको. अशा खाणीला प्रथमोपचाराची सक्ती नाही, अपघात कळवायची सक्ती नाही. पण जी मोजकी कलमं तिथेही लागू ठेवली त्यात कलम ४६ होतं, बाईने जमिनीखाली आणि संध्याकाळी सातनंतर खाणीत काम करू नये हे सांगणारं. म्हणजे बाई रात्री कुठे आहे याची काळजी होती, दिवसा तिचा अंगठा कुठे आहे याची नव्हती. २०१९ मध्ये केंद्राने अटी घालून ती बंदी सैल केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी समानतेचे मथळे दिले. खडी फोडणाऱ्या बायकांना त्याचा पत्ताही नव्हता. जमिनीखाली परवानगी मिळाली होती ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांना.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि खाण कायदा, भरपाईचा कायदा दोन्ही त्यांत विरघळले. संहितांबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यातले बरेच आम्हाला मान्य आहेत. पण हातात आलेलं हत्यार बघून घ्यावं. सुरक्षिततेच्या संहितेत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. जोडीला नाही, प्रत्येकाला. आणि अपघात कळवण्यासाठी बहात्तरऐवजी अठ्ठेचाळीस तासांची गैरहजेरी पुरते. चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी येणाऱ्या बाईला त्याने फरक पडत नाही. पण तिच्या नावाचं पत्र असेल तर पडेल. म्हणून पहिली मागणी चष्म्याची नसावी असं आम्हाला वाटतं. पहिली मागणी बाईच्या नावाची असावी: पत्रावर नाव, हजेरीपटावर नाव, मजुरी तिच्या हातात. चष्मा, दांडा, लोहाराचा खर्च मालकावर, या मागण्या ती कामगार ठरल्यावर उभ्या राहतात. आमच्या गटातल्या दोघींचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, नाव लागेपर्यंत डोळे जातील, चष्मे आधी आणा. हा वाद आमच्यात मिटलेला नाही. तुमचं मत कळवा.

तोवर करण्यासारखं एक काम कुठल्याही मालकाच्या परवानगीवाचून करता येतं. बाई दवाखान्यात जाईल तेव्हा आपल्यापैकी एकीने सोबत जायचं आणि केसपेपरवर खरं लिहून घ्यायचं: कुठल्या खाणीवर, किती वाजता, कोणतं हत्यार वापरताना. सोबत जाता आलं नाही तर निदान बाईला हे वाक्य पाठ करवायचं. केसपेपर, एक्स-रे, औषधाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वस्तीबाहेर कुणाकडे तरी ठेवायची, कारण पावसाळ्यात आणि भांडणात कागद टिकत नाहीत. भरपाईच्या दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. उशिराचं कारण पटलं तर तो माफही होऊ शकतो. 'ती ठेकेदाराची माणसं' असं मालक म्हणाला तरी दावा मालकावर करता येतो. आणि आपली खाण जुन्या सुटीत बसत होती असं कुणी सांगू लागलं, तर एवढंच विचारा: सुरुंग उडत होता का? उडत असेल तर ती सूट त्याला नव्हतीच.

या अंकाच्या मधल्या पानावर दोन तळहात आणि एक चेहरा यांचं चित्र छापलं आहे. ते पान सुटं काढून वस्तीवर न्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही लागलं तिथे फुली मारता येते. फुलीशेजारी वर्ष, हत्यार आणि किती दिवस काम बुडलं एवढं लिहा. नाव लिहायचं की नाही ते ती बाई ठरवील. मूल जवळ खेळत असताना त्याला कपचा लागला असेल तर तेही नोंदवा, त्यासाठी चेहऱ्याचं दुसरं चित्र पाठीमागे दिलं आहे. फुल्या मारलेली पानं पुढच्या अंकाआधी कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. खडीमशीनवरच्या बायकांनाही विचारायला विसरू नका. मशीन आहे म्हणजे त्यांच्या हातात हातोडा नसतो असं आम्हीही समजत होतो.