न्यायालयाने दिलेली खाट आणि भोरचा रुग्ण

मार्च २०२५ च्या अखेरीस एका महिलेचा प्रसूतीनंतर मृत्यू झाला. तिला दाखल करून घेण्यापूर्वी पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने तिच्या कुटुंबीयांकडे लाखो रुपयांची अनामत रक्कम मागितली, असा आरोप एप्रिलच्या आरंभी झाला आणि साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. निदर्शने झाली, निवेदने दिली गेली, चौकशी सुरू झाली. तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेण्यास बंदी घाला, अशी मागणी सर्वत्र ऐकू येऊ लागली. ही मागणी रास्त होती, यात शंका नाही. परंतु जे मागितले जात होते ते मुंबई उच्च न्यायालयाने १९ वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते, हे मागणी करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते?

या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात असा : मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात १९८५ साली कलम ४१ कक घालण्यात आले. सरकारकडून सवलती मिळणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, अशी ही तरतूद होती. ती बरीच वर्षे बव्हंशी कागदावरच राहिली. अखेर एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये सविस्तर योजनाच मंजूर केली आणि १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू झाली. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम प्रत्येक रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी'त जमा करावी. तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावेत आणि त्याच्याकडून अनामत मागू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. राज्यात अशी रुग्णालये चारशेहून अधिक आहेत. त्यांपैकी पन्नासहून अधिक एकट्या पुणे जिल्ह्यात आहेत.

तीन प्रतिक्रिया

या निर्णयावर उमटलेल्या प्रतिक्रिया तीन प्रकारच्या होत्या. रुग्णालयांच्या चालकांचा पहिला सूर तक्रारीचा होता. गरिबांवर उपचार करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, त्याचा भार आमच्यावर का, आणि तो भार शेवटी इतर रुग्णांच्याच देयकांवर पडणार नाही काय, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु 'धर्मादाय' या नावाखाली करमाफी आणि इतर सवलती स्वीकारताना जो करार झाला, त्याची दुसरी बाजू या युक्तिवादात गळून पडते. दिल्लीतील सवलतीच्या दराने जमीन मिळालेल्या रुग्णालयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच तत्त्व मान्य केले : सवलत घेतली की तिच्याबरोबर येणारे दायित्वही घेतले पाहिजे.

दुसरी प्रतिक्रिया सुशिक्षित मध्यमवर्गाची होती. त्याने निर्णयाचे स्वागत केले आणि न्यायालयाने आपले काम केले, असे समजून तो स्वस्थ बसला. तिसरी प्रतिक्रिया, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या निर्धन रुग्णाची. ती कोठेच ऐकू आली नाही, कारण निर्णयाची वार्ताच त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

अमेरिकेत २८ जून २०१२ रोजी ओबामा प्रशासनाचा आरोग्यविषयक कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुख्यतः वैध ठरविला, तेव्हा देश दुभंगल्यासारखा झाला होता. मात्र गरिबांसाठीच्या शासकीय योजनेचा विस्तार करणे न्यायालयाने राज्यांच्या इच्छेवर सोडले आणि अनेक राज्यांनी वर्षानुवर्षे तो केला नाही. त्यामुळे सारख्याच गरिबीच्या दोन माणसांना, केवळ राहण्याचे राज्य वेगळे म्हणून, वेगळा न्याय मिळाला. न्यायालयाचा निकाल शासनयंत्रणा नेईल तेथवरच जातो, हा याचा अर्थ. महाराष्ट्रात तोच धडा राज्याराज्यांऐवजी शहर आणि डोंगर यांच्यात गिरवला जात आहे.

डोंगरापलीकडचा हक्क

भोर शहरापासून पुणे सुमारे पन्नास किलोमीटर. पण वरंधा घाटाच्या वाटेवरील हिर्डोशी खोऱ्यातून किंवा 'राजगड' हे नवे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यातील तोरण्यापलीकडच्या वाड्यांतून निघालेल्या रुग्णाला हे अंतर पावसाळ्यात केवढे होते, हे सांगावयास नको. तो पुण्यात पोचला, तरी त्याच्यापुढे कागदांचा घाट उभा राहतो. निर्धन ठरण्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य शिधापत्रिका लागते. योजनेच्या आरंभी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी २५ हजार आणि दुर्बल घटकांसाठी ५० हजार रुपये होती. ती नंतर वाढविण्यात आली. पण मर्यादा कितीही वाढली, तरी दाखल्यासाठी तलाठ्यापासून तहसील कचेरीपर्यंतच्या खेपा चुकत नाहीत. आजार मात्र कचेरीच्या वेळा पाहून येत नाही.

आणि ही खाट म्हणजे भोर-वेल्ह्यावर कोणी केलेला उपकारही नव्हे. पानशेत आणि वरसगाव ही पुण्याला पाणी पुरविणारी धरणे वेल्ह्याच्या भूमीवर उभी आहेत. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतील शेते भिजवते. या खोऱ्यांनी आपल्या जमिनी आणि गावे पाण्याखाली दिली. ज्या शहराच्या नळाला वेल्ह्याचे पाणी येते, त्या शहरातील शंभर खाटांपैकी वीस खाटांवर वेल्ह्याच्या गरिबानेही हक्क सांगितला, तर त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

अर्थात पुण्यातील राखीव खाट हे भोरच्या आरोग्याचे अंतिम उत्तर नव्हे. न्यायालयाच्या आदेशाची ढाल पुढे करून तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर, रक्ताची सोय आणि वेळेवर रुग्णवाहिका देण्याची जबाबदारी शासनाला टाळता येणार नाही. वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेच्या खटल्यात १९९६ मध्येच बजावले आहे.

१९८५ चा कायदा, २००६ चा आदेश आणि २०२५ चा संताप यांमध्ये प्रत्येक वेळी दोन दशकांचे अंतर पडले. ते अंतर न्यायाधीशांनी नव्हे, तर कायदा आणि माणूस यांच्यामध्ये उभ्या असलेल्या सुशिक्षितांनी कमी करावयाचे आहे. योजनेच्या अटी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास खर्च येत नाही. रुग्णासाठीचा दाखला त्याच दिवशी देणे कचेरीतील लेखनिकाला अशक्य नाही. वर्गातील मुलाच्या घरी आजारपण आहे, हे शिक्षकाला कळते. शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्णालयातील समाजसेवकाची खोली शोधता येते. संतापाचा मोर्चा संध्याकाळी पांगतो. वेळेवर मिळालेला एक दाखला मात्र एखाद्या घरातील माणूस वाचवून जातो.