ड्युअल बूटमधून एक ओएस काढताय? आधी बूटची किल्ली कोणाकडे आहे ते बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप यादीबाहेर राहिले. अशा लॅपटॉपवर अनेकांनी विंडोजच्या शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून पाहिलं. आता ओळखीतले लोक मला एकच प्रश्न विचारतात: "दोघांपैकी एक काढायचंय. पार्टिशन डिलीट केलं की झालं ना?"

नाही झालं! फोनमधून ॲप अनइन्स्टॉल करण्याइतकं हे सोपं नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, सबमिशनच्या आदल्या रात्री, जागा कमी पडली म्हणून मी विंडोजमध्ये बसून लिनक्सचं पार्टिशन उडवलं. रिस्टार्ट केलं तर काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब' आणि लुकलुकणारा कर्सर. रिपोर्ट आत सुखरूप होता, पण आत जायचा रस्ताच बंद. पहाटे कळलं की लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबून बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं. (काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर हे बटण एफ९ किंवा एस्केप असतं.)

असं का होतं?

दोन ओएसची पार्टिशन वेगळी असली तरी दोघांचं दार एकच असतं: ईएफआय सिस्टिम पार्टिशन. काहीशे एमबीचा हा छोटा भाग असतो. त्यात विंडोजचं एक फोल्डर आणि लिनक्सचं एक. आधी कोणाला उठवायचं हे मदरबोर्डवर नोंदलेलं असतं. लिनक्स टाकल्यावर पहिला नंबर सहसा ग्रबचा लागतो. तुम्ही लिनक्सचं पार्टिशन उडवता, पण ग्रब दारात तसाच उभा राहतो आणि नसलेली फाइल शोधत बसतो.

हे सामाईक दार किती नाजूक आहे ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. ग्रबमधली जुनी सुरक्षा त्रुटी अडवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने अपडेट दिलं. ड्युअल बूट मशीनवर ते लागू होणार नाही, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात काही मशीन ओळखता आली नाहीत आणि तिथलं लिनक्स सुरूच होईना. कायमचा उपाय आला मे २०२५ मध्ये.

आधी या दोन गोष्टी

पहिली, बॅकअप. तोही त्याच डिस्कवर नको, बाहेरच्या डिस्कवर घ्या. दुसरी, रिकव्हरी की. आजकाल बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आपल्याला पत्ताही नसतो. बूट सेटिंग बदललं की विंडोज ४८ अंकी की मागू शकतं. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आत्ताच बघून कागदावर लिहून ठेवा. की नसेल तर डेटा गेला म्हणून समजा.

लिनक्स काढायचं असेल तर

लिनक्समध्ये असतानाच त्याच्या पार्टिशनचे आकार टिपून घ्या. मग बायोसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरला आणा. विंडोज थेट सुरू होतंय याची खात्री करा. त्यानंतरच डिस्क मॅनेजमेंटमधून, टिपलेल्या आकारांशी ताडून, लिनक्सची पार्टिशन डिलीट करा. ईएफआय आणि रिकव्हरी पार्टिशनला हात लावू नका. मोकळी जागा सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तरच ती सी ला जोडता येते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर सरळ नवा ड्राइव्ह बनवा.

विंडोज काढायचं असेल तर

लिनक्समधून विंडोजवरच्या फायली बाहेर काढा, जीपार्टेडने विंडोजचं मोठं पार्टिशन डिलीट करा, मग 'अपडेट-ग्रब' कमांड चालवा. ईएफआय पार्टिशन इथेही तसंच ठेवायचं, लिनक्सही त्याच दारातून येतं. रिकाम्या जागेचं डेटासाठी वेगळं पार्टिशन करणं सगळ्यात सोपं. लायसन्सची फार काळजी नको, बहुतेक लॅपटॉपवर ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं.

मग काढायचं कोणतं?

ऑटोकॅड किंवा डेस्कटॉपवरचं ऑफिस लागत असेल आणि मशीन विंडोज ११ ला चालत असेल, तर विंडोज ठेवा. मशीन विंडोज १० वरच अडकलं असेल आणि तुमचं काम ब्राउझर, कोडिंग, व्हिडिओ इतकंच असेल, तर मी विंडोज काढेन. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी जाहीर केलेली वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती. तेवढ्यासाठी चांगला लॅपटॉप भंगारात घालायची गरज नाही.

फक्त क्रम पाळा: बॅकअप, की, बूटचा नंबर, आणि सगळ्यात शेवटी डिलीट. मी हाच क्रम उलटा केला होता.