हिऱ्यांतील उपयुक्त दोष

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत रत्नपरीक्षेचें प्रकरण आहे. काकपद, केश इत्यादि दोष अंगीं असलेला हिरा तेथें हीन मानला आहे. हल्लीं मात्र निर्मळ हिऱ्यांत बुद्धिपुरस्सर दोष उत्पन्न केले जातात, व त्या दोषांमुळेंच त्याला शास्त्रांत मोल येतें. हा विपर्यास कसा, तें पाहूं.

स्फटिकांत अणु शिस्तीनें ओळींत बसलेले असतात. एखादा अणु जागचा सुटला, किंवा परका अणु आंत शिरला, कीं तेथें प्रकाशाचा कांहीं भाग शोषला जाऊन रंग दिसूं लागतो. आमच्या भाट्याकडील जांभ्यांत नव्हे, पण घाटावरील काळ्या कातळाच्या पोकळींत जांभळा स्फटिक सांपडतो. गारेंतील लोहाचा अंश आणि भोंवतालच्या खडकांतील किरणोत्सर्ग यांनीं दीर्घकाळांत त्याला तो रंग आणलेला असतो. स्फटिक फार तापविल्यास तो रंग जातो.

असला दोष लेसर क्षणार्धांत पाडतो. साधा प्रकाश हिऱ्यांतून आरपार जातो. कारण त्याच्या एका कणाची ऊर्जा तेथील इलेक्ट्रॉन सोडविण्यास अपुरी पडते. परंतु सेकंदाचे कोटि भाग करून त्यांतील एकाचे पुन्हां कोटि भाग करावे. अशा थोड्या भागांतच संपणारा झोत भिंगानें एका बिंदूवर आणला, तर अनेक प्रकाशकण एकदम कार्य करतात. पृष्ठभाग अभंग राहतो आणि आंत त्या बिंदूपाशींच कर्बाचा अणु जागचा सुटतो. पुढें हिरा तापविला म्हणजे ती रिकामी जागा सरकत सरकत नत्राच्या अणूशेजारीं स्थिरावते. ही जोडी हिरव्या प्रकाशांत तांबडी चमकते, आणि जवळच्या चुंबकत्वानें ती चमक बदलते. ऑक्सफर्ड व वॉरिक येथील संशोधकांनीं ही कृति २०१७ सालीं प्रसिद्ध केली.

हा दोष अन्य किरणांनींही पाडतां येतो. तसल्याच दोषयुक्त हिऱ्याच्या साह्यानें चिपेंतील विद्युत्प्रवाहांचें चुंबकीय चित्र घेणारें यंत्र बांधण्याचा संकल्प मुंबईच्या आय्. आय्. टी. नें व टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें २०२४ सालीं जाहीर केला.

संसारी माणसानें यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लग्नकार्यासाठीं रंगीत हिरा घेतांना, त्याचा रंग किरणांच्या माऱ्यानें आणलेला असूं शकतो. तोही हिरा खराच. पण नैसर्गिक रंगाच्या हिऱ्याहून त्याची किंमत पुष्कळ कमी. नुसत्या डोळ्यांस हा भेद कळत नाहीं. यास्तव प्रयोगशाळेचा दाखला मागावा, रंग कशानें आला हें त्यांत वाचावें, आणि मगच पैसे मोजावे.