सिंहलद्वीपातील एक रस्ता

श्रीलंकेच्या प्रवासाचे जे बेत वाचक या सदराकडे अभिप्रायार्थ पाठवितात, त्यांत बहुधा एकच आकांक्षा प्रकट झालेली असते : आठवडाभराच्या रजेत अनुराधपुरापासून गॉलपर्यंत साऱ्या बेटाला प्रदक्षिणा घालावयाची. नकाशाकडे पाहिले तर ती अवाजवीही वाटत नाही. कारण अवघा देश सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक. परंतु त्या बेटाच्या मध्यभागी जो डोंगरी मुलूख आहे, तेथे अंतर मैलांनी मोजण्याचा दस्तूर चालत नाही; ते वळणांनी आणि चढणींनी मोजावे लागते. कोलंबो ते कँडी हे जेमतेम ११५ किलोमीटरांचे अंतर, पण त्याला तीन-चार तास लागतात. कँडीहून नुवर एलियाला जाताना तर तेवढाच वेळ त्याहून कितीतरी कमी अंतरात सरतो. म्हणून माझे मत मी स्पष्टपणे मांडतो : बेट पाहू नये, एक रस्ता पाहावा, तोही सावकाश. आणि सावकाशपणाची ही अट मनात बाळगून भागत नाही, ती बेत आखतानाच कागदावर उतरवावी. वाटेवर निघाल्यानंतर ती सुचली तर मुक्कामाच्या आगाऊ नोंदींचा तगादा तिला टिकू देत नाही.

तो रस्ता कोणता म्हणाल, तर कोलंबोहून कँडी, तेथून पुसेल्लावा आणि रंबोड्यावरून नुवर एलिया, पुढे हपुतले, एल्ला आणि शेवटी वेल्लवाय. १८१५ साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले, तीनच वर्षांत त्यांना तेथील उठाव मोडावा लागला आणि ज्या दुर्गम डोंगरवाटांनी त्या राज्याचे शतकानुशतके रक्षण केले होते, त्या फोडल्यावाचून अंमल टिकणार नाही हे त्यांच्या ध्यानी आले. गव्हर्नर एडवर्ड बार्न्स याच्या कारकिर्दीत, १८२० नंतरच्या दशकात, कँडीच्या वाटेवरचा कडुगन्नावाचा घाट बांधला गेला तो या लष्करी निकडीतून. आपल्याकडचा बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला, हे आठवले म्हणजे दोन्ही घाटांमागची राजनीती एकाच काळाची होती हे उमगते. घाट बांधणारा कॅप्टन डॉसन १८२९ मध्ये मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला मनोरा आणि खडक आरपार पोखरून काढलेली जुनी वाट माथ्यावर अजून आहेत. परंतु आजची वाहने खडकाला बगल देऊन निघून जातात. तेथे गाडी उभी करावी आणि त्या वाटेने पायी जावे, खडकावर हात ठेवून पाहावा.

गाडी स्वतः चालवावी की काय, असा प्रश्न हटकून येतो. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि परवान्याचे सोपस्कार करून परकीयांना तशी मुभाही मिळते. तरी घाटात समोरून भरधाव येणाऱ्या बसगाड्यांवर ज्याची नजर खिळलेली आहे, त्याला दरी दिसत नाही. स्थानिक चालक घ्यावा, आणि त्याच्या भोजनाची व निवाऱ्याची तजवीज आपल्या मुक्कामाइतक्याच काळजीने करावी.

मुहूर्ताच्या बाबतीत आपले पंचांग तेथे फार उपयोगी पडते. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुटी असते. मद्यविक्री बंद राहते, शुभ्र वस्त्रे नेसलेली कुटुंबे विहारांकडे लोटतात, आणि जोडून रविवार आला की घाटरस्ते तुंबतात. ज्याला ती श्रद्धा जवळून पाहावयाची आहे त्याने त्या दिवशी कँडीतच राहावे, इतरांनी प्रवासाचा दिवस टाळावा. नैऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबरपर्यंत पश्चिम उतारावर असतो. जानेवारी ते मार्च हा काळ या रस्त्याला सर्वांत मानवतो.

रंबोड्यापासून वर चहाचे मळे लागतात, आणि प्रत्येक प्रवासी त्या हिरव्या उतारांची छायाचित्रे घेतो. ही हिरवळ निसर्गाची नव्हे, हे तेथे थांबल्याखेरीज कळत नाही. पूर्वी येथे कॉफी होती. १८६९ पासून पानांवरच्या तांबेऱ्याने तिचा विध्वंस केला आणि त्याआधी दोनच वर्षे जेम्स टेलरने लूलकंदुरा येथे लावलेल्या चहाने तिची जागा घेतली. पाने खुडणाऱ्या स्त्रिया ज्या तमिळ मजुरांच्या वंशातील आहेत, त्यांना दक्षिण भारतातून आणले गेले. आणि देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना परके ठरविले. १९६४ च्या सिरिमा-शास्त्री कराराने त्यांची दोन देशांत वाटणी केली. अवशिष्टांचा प्रश्न पुरता मिटायला २००३ उजाडावे लागले. वळणावरच्या दुकानात बिनदुधाचा चहा मिळतो; त्यात साखर घालीत नाहीत, कितुल माडाच्या गुळाचा खडा तळहातावर ठेवतात आणि एकेक घोटाबरोबर तो चावून खातात. बाकावर शेजारी मळ्यातला मजूर असतो, मोडकीतोडकी तमिळ येत असेल तर तो बोलतोही. नुवर एलियाच्या विलायती बंगल्यांपेक्षा हा अर्धा तास मला अधिक मोलाचा वाटतो, आणि तो कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात सापडावयाचा नाही.

हपुतलेला दक्षिणेकडचा कडा आहे. सकाळी लवकर उठावे, दुपारपर्यंत धुके चढते. एल्ला आता गजबजले आहे, तेथे एक रात्र पुरे.

मात्र एल्लाच्या खिंडीतून खाली वेल्लवायला उतरल्यावर बुदुरुवगल येथे अर्धा दिवस राखून ठेवावा. प्रवासी तेथे वीस मिनिटे थांबतात, ही मला खरोखर खेदाची गोष्ट वाटते. एका भल्या मोठ्या शिळेवर सात मूर्ती कोरलेल्या आहेत, मधली बुद्धमूर्ती सुमारे ५० फूट उंच आहे, आणि तिच्या एका बाजूस अवलोकितेश्वर आहे, त्याच्या अंगावर पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष अजून दिसतात, शेजारी तारा. थेरवादी देशात महायानाची ही देवता पाहून मराठी वाचकास ओळख पटावी. कारण अजिंठ्याला आणि कान्हेरीला याच अवलोकितेश्वराभोवती अष्टमहाभये कोरलेली आहेत, आणि जहाज बुडण्याचे व चोरांचे भय निवारण्यासाठी सार्थवाह त्याचीच करुणा भाकीत. बुदुरुवगलला जाण्यापूर्वी कान्हेरीचे ते शिल्प एकदा डोळ्यांखालून घालावे. ते मुंबईच्या बोरिवलीत आहे, त्यासाठी पारपत्र लागत नाही.