दवाखान्यातून निघण्याआधी मनाचंही सांगा

आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला आणि सोबत आलेल्या घरच्यांना कळकळीची विनंती.

डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप नाही, अंगात त्राण नाही म्हणून आपण रांगेत बसतो. केस पेपरवर ‘अशक्तपणा’ लिहिलं जातं, सुई होते, गोळ्या मिळतात. महिन्याने पुन्हा तेच. दुखणं खरंच असतं. पण कधी त्याचं मूळ मनात असतं. ते विचारायला डॉक्टरांना गर्दीत सवड नसते आणि आपल्याला सांगायची लाज वाटते. म्हणून तुम्हीच सांगा. ‘दोन आठवडे झाले, कशातच मन लागत नाही,’ एवढं म्हटलं तरी पुढचा रस्ता उघडतो.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराची चिठ्ठी मागा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचार हा तुमचा हक्क ठरवला आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तर डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या मदतीने नैराश्याचे रुग्ण बरे झाले. ‘संगत’ संस्थेच्या सहभागाने झालेला तो अभ्यास २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बोलण्याने आणि औषधाने माणूस बरा होतो.

जाणं जमत नसेल तर १४४१६ लावा. ही ‘टेली मानस’ची सरकारी सेवा २०२२पासून सुरू आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही, आणि मराठीत बोलता येतं.

घरात कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर ‘असं काय बोलतोस’ म्हणून गप्प करू नका. जवळ बसा, ऐका, एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. काही घडलंच तर लगेच १०८ बोलवा आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. पोलीस केसच्या धास्तीने घरचे खोटं सांगतात आणि उपचार चुकतात, हे फार वाईट आहे. २०१७च्या त्याच कायद्याच्या ११५व्या कलमानुसार जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं. त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे.

आणि आशाताई, सिस्टर, फार्मासिस्ट, तुम्हालाही सांगणं आहे. औषधांच्या खिडकीशेजारी १४४१६ मोठ्या अक्षरांत लिहा, केस पेपरच्या मागे शिक्का मारा, वाचता न येणाऱ्याला तोंडी सांगा. उद्यावर टाकू नका; आजची ओपीडी बंद होण्याआधी करा.