उंचावरचे सरोवर आणि आपण

रायपूर हे तळ्यांचे शहर आहे. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली तालाब ही नावे येथील माणसाच्या बोलण्यात रोज येतात. स्वामी विवेकानंद लहानपणी, 1877 च्या सुमारास, वडिलांबरोबर रायपुरात आले आणि जवळजवळ दोन वर्षे येथे राहिले. बूढा तालाबाला आज त्यांचेच नाव दिलेले आहे. छत्तीसगढी बोलीत एखाद्या गावाच्या जलवैभवाचे वर्णन ‘छै आगर छै कोरी’ अशा शब्दांत करतात. मराठीतील ‘कोडी’प्रमाणेच ‘कोरी’ म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे 126 तळी. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला पाण्याची ओढ असावी, यात नवल नाही.

याच रायपुरातील तरुण आता उन्हाळ्याच्या सुटीत पाठीवर पिशवी घेऊन हिमालयातील सरोवरे पाहण्यासाठी निघतात. त्यांत मराठी कुटुंबांतील मुलेमुलीही असतात. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे. हिमाचल प्रदेशातील चंद्रताल 4,200 मीटरांहून अधिक, तर उत्तराखंडातील रूपकुंड सुमारे 5,000 मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरांचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या सरोवरांची उंची नीट कळते.

ही भटकंती चांगलीच आहे. डोंगराच्या चढावर पैसा, पद आणि घराणे यांचा फारसा उपयोग होत नाही. आपले ओझे आपणच वाहावे लागते, दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागते आणि तहान लागल्यावर पाण्याची किंमत कळते. चार-पाच दिवस चालून गेल्यावर हिमशिखरांचे प्रतिबिंब धरलेले निळे पाणी समोर येते, तेव्हा माणूस आपोआप गप्प होतो. अशी शांतता लाभणे हेही एक शिक्षणच आहे. म्हणून तरुणांनी डोंगरांत जाऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो कसे जावे आणि किती जणांनी जावे, याचा.

आजवर या सरोवरांचे रक्षण त्यांच्या दुर्गमतेने केले. थंडी, विरळ हवा, अवघड चढ आणि वाटेचे अज्ञान हेच त्यांचे पहारेकरी होते. मेंढपाळ, यात्रेकरू आणि एखादा धाडसी प्रवासी एवढेच तेथे पोहोचत. आता रस्ते जवळ आले, तंबू आणि उबदार कपडे भाड्याने मिळू लागले, सहलींची व्यवस्था करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. वाट सोपी झाली याचा आनंदच आहे. परंतु जुना पहारेकरी गेल्यावर नवा कोणी तरी उभा करावा लागतो. तो नवा पहारेकरी म्हणजे जाणाऱ्याचा स्वतःचा संयम होय.

या संयमाची गरज निसर्गाच्या रचनेतच आहे. वाहत्या नदीत पडलेली घाण पुढे जाते. तळ्यात पडलेली बहुधा तेथेच साठते. त्यातच उंचावर थंडी इतकी असते की पदार्थ कुजण्याची क्रिया अतिशय मंद होते. रायपुरात अंगणात टाकलेली केळ्याची साल काही दिवसांत मातीला मिळते. वर, बर्फाच्या सान्निध्यात, ती दीर्घकाळ तशीच पडून राहते. झाडांची रेषा संपल्यावर लागणाऱ्या उंच कुरणांना गढवालात ‘बुग्याल’ म्हणतात. तेथील गवत आणि फुलझाडे वर्षातील थोडे महिनेच वाढतात. तंबूंनी, खेचरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी ती हिरवळ एकदा उखडली की खालची माती पावसाने वाहून जाते आणि जखम भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

रूपकुंडाची कहाणी या दृष्टीने विचार करायला लावणारी आहे. त्रिशूल शिखराच्या पायथ्याशी असलेल्या या लहानशा सरोवराच्या काठी 1942 मध्ये एका वनाधिकाऱ्याला मानवी सांगाड्यांचा मोठा साठा आढळला. ही माणसे कोण, ती तेथे कशी मरण पावली, याविषयी अनेक तर्क झाले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 38 व्यक्तींच्या अस्थींतील जनुकीय द्रव्य तपासले गेले. त्यावरून असे दिसले की ती सर्व माणसे एकाच वेळी मेलेली नव्हती. त्यांच्या काळांत सुमारे एक हजार वर्षांचे अंतर होते आणि काहींचे मूळ तर थेट भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशाशी जुळत होते. हाडांच्या एका ढिगातून इतिहासाचे असे अनपेक्षित पान उघडले. पण त्याच हाडांपैकी कित्येक येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आठवण म्हणून उचलून नेली. ज्याने एक हाड पिशवीत टाकले, त्याला ती किरकोळ गोष्ट वाटली असेल. प्रत्यक्षात त्याने एका मृत माणसाचा शेवटचा पुरावा आणि पुढच्या पिढ्यांचे ज्ञान आपल्या घरातील फळीवर नेऊन ठेवले.

या वाटेवरील आली आणि बेदिनी या बुग्यालांवर तंबूंची दाटी वाढली, पक्की बांधकामेही झाली. अखेर हा प्रश्न न्यायालयात गेला. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली, पर्यटकांची संख्या 200 पर्यंत मर्यादित केली आणि कायमस्वरूपी बांधकामे हटविण्याचा आदेश दिला. मुक्कामाशिवाय रूपकुंड गाठणे सामान्य माणसाला शक्य नसल्याने ती वाट त्याच्यासाठी जवळजवळ बंद झाली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दाद मागणारी संस्था आली, बेदिनी आणि बागजी या बुग्यालांच्या रक्षणासाठीच स्थापन झालेली होती.

या निर्णयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डोंगरातील गावांत शेती थोडी आणि रोजगार त्याहून थोडा. हमाल, खेचरवाले, वाटाडे आणि स्वयंपाकी यांची वर्षाची मिळकत पर्यटनाच्या काही महिन्यांवरच अवलंबून असते. वाट बंद झाली की शहरातील प्रवासी दुसरी वाट शोधतो. गावातील माणसाला मात्र दुसरे गाव शोधता येत नाही. चूक अनेकांची आणि शिक्षा मुख्यतः त्याला, असा हा व्यवहार होतो. म्हणून सरसकट बंदी हा आदर्श उपाय नव्हे. पण बंदीची वेळ येते ती मर्यादा वेळीच न पाळल्यामुळे, हेही तितकेच खरे आहे. औषध कडू असले तरी दुखणे वाढू देणाऱ्याने त्याला नावे ठेवू नयेत.

मधला मार्ग आहे आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा समावेश 2012 मध्ये जागतिक वारसा असलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत झाला. त्यानंतर फुलांच्या हंगामात गर्दी वाढली, तेव्हा दररोजच्या प्रवाशांची संख्या ठरविण्यात आली, शुल्क ठेवण्यात आले आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांना सहभागी करून घेण्यात आले. या व्यवस्थेत उणिवा असू शकतील. परंतु संख्या मर्यादित ठेवावी, शुल्क द्यावे आणि त्याचा लाभ गावाला मिळावा, हे तत्त्व योग्यच आहे. हिमालयातील सरोवरांनाही ते लागू व्हावे.

नियमांबरोबर प्रवाशाची स्वतःची शिस्त हवी. आपण नेलेली प्रत्येक वस्तू आपणच खाली आणावी. साबण सरोवरात मुळीच वापरू नये. शौचासाठी पाण्यापासून निदान 60 मीटर दूर जावे. दगड, फूल, हाड यांपैकी काहीही उचलू नये. शरीराच्या बाबतीतही हाच संयम उपयोगी पडतो. सुमारे 5,000 मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. म्हणून 3,000 मीटरांनंतर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे अशी लक्षणे दिसली तर आणखी वर चढू नये. ती वाढू लागली किंवा तोल जाऊ लागला तर तत्काळ खाली उतरावे. परत फिरण्यात कमीपणा नाही. सरोवर पुढच्या वर्षीही तेथेच असेल. आपण असलो पाहिजे.

या साऱ्याची शिकवण घेण्यासाठी खरे तर हिमालयात जाण्याचीही गरज नाही. छत्तीसगढच्या गावांत तलावाचे लग्न लावण्याची जुनी चाल आहे. तलावाच्या मध्यभागी लाकडी खांब रोवला जातो, विधी होतात आणि त्यानंतरच त्याचे पाणी मंगलकार्याला योग्य मानले जाते. या चालीमागील भाव मोठा सुंदर आहे. लग्न म्हणजे नाते आणि नाते म्हणजे जबाबदारी. ज्या पाण्याशी गावाने सोयरीक केली, त्यात गाव घाण कशी टाकील?

परंतु शहर वाढत गेले तसे हे नाते सैल झाले. रायपुरातील काही तळी बुजली, त्यांच्या जागी मैदाने आणि इमारती आल्या. कित्येक ठिकाणी केवळ नाव उरले, पाणी उरले नाही. घराजवळच्या तळ्याकडे पाठ फिरवून दूरचे सरोवर पाहण्यासाठी हजार-दीड हजार किलोमीटर जाणे आणि तेथेही तीच बेफिकिरी बरोबर नेणे, याला निसर्गप्रेम म्हणता येणार नाही. उलट, उंचावरच्या त्या निर्मळ पाण्याकडे पाहून जो परतला आणि आपल्या वस्तीतील तळ्याच्या काठी कचरा टाकणारा हात ज्याने नम्रपणे थांबविला, त्याचाच प्रवास खऱ्या अर्थाने पूर्ण झाला.