फोनमधील वखार

आपल्या वधू-वर सूचक कक्षाचे मोबाइल ॲप काढावे, अशी मागणी तरुण कार्यकर्ते गेल्या काही बैठकांतून सातत्याने करीत आहेत. बोरगाव, बेडकिहाळ, सदलगा, निपाणी या पट्ट्यातील मुले-मुली आता पुणे-बंगळूरला आणि त्याहूनही दूर नोकरीस आहेत, छापील सूची त्यांच्या हाती पडेपर्यंत निम्मी स्थळे जमून गेलेली असतात, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. ॲपला आमचा विरोध नाही. परंतु ते ठेवायचे कोठे आणि कोणाच्या मर्जीवर, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारला नाही, म्हणून तो येथे विचारतो आहोत. हा प्रश्न केवळ आपल्या कक्षापुरता नाही, तो राजकीय आहे, आणि सीमाभागातील मराठी माणसाला तर तो इतरांपेक्षा लवकर कळायला हवा.

अँड्रॉइड फोनवर ॲप घ्यायचे तर गुगलच्या प्ले स्टोअरमधून आणि आयफोनवर घ्यायचे तर ॲपलच्या ॲप स्टोअरमधून, ही आजची रीत आहे. फोनचे पैसे आपण मोजले, ॲप दुसऱ्याने कष्टाने बनवले, पण दोघांच्या मधले दार तिसऱ्याचे. त्या दारातून काय आत जाईल, कोणत्या अटीवर जाईल आणि ॲपमध्ये घेतलेल्या शुल्कातील किती हिस्सा दारवाल्याला मिळेल, हे तोच ठरवतो. किराणा, रिक्षा, कपडे यांचे पैसे ॲपमधून दिले तर त्यावर हा हिस्सा नाही. पण सभासदत्व, गाणी, पुस्तके, खेळ अशा फोनमध्येच वापरायच्या वस्तूंवर आहे, आणि तो पूर्वी सरसकट शेकडा ३० होता. पुढे ओरड झाल्यावर लहान उत्पन्नाला आणि सभासदत्वाला १५ करण्यात आला. पर्यायी मार्गाने पैसे घेण्याची मुभा दिली तीही हिस्सा अवघ्या ४ टक्क्यांनी कमी करून. दुसऱ्याच्या गाडीतून माल नेला तरी भाडे आमचेच, असा हा हिशेब.

स्थळे जुळविणाऱ्यांचा संबंध येथेच येतो. १ मार्च २०२४ रोजी गुगलने प्ले स्टोअरवरून अनेक भारतीय ॲप्स काढून टाकली. त्यांत भारत मॅट्रिमोनी होते, मुंबईच्या कंपनीचे शादी डॉट कॉम होते, नोकरी आणि ९९ एकर्स होते, मराठी पुस्तकेही ऐकवणारे कुकू एफएम होते. हिस्सा देण्यास या कंपन्यांचा विरोध होता. मद्रास उच्च न्यायालयात त्या गेल्या, तेथे दाद मिळाली नाही. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही अंतरिम संरक्षण दिले नाही, आणि दार बंद झाले. मग केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर नापसंती दर्शवली, दोन्ही बाजूंना बोलावले, आणि आठवड्याच्या आत ॲप्स परत आली. वर्तमानपत्रांनी याला भारतीय उद्योजकांचा विजय म्हटले. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या कंपन्यांचे कोट्यवधी ग्राहक आहेत त्यांच्यासाठी मंत्री फोन उचलतात, तेही लोकसभेची निवडणूक तोंडावर असताना. बोरगावच्या वधू-वर कक्षाचे ॲप उद्या असेच गेले तर आपण कोणाला फोन करणार?

निपाणीच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्या वाडवडिलांनी तंबाखू पिकवली. जमीन त्यांची, घाम त्यांचा, पण माल न्यायचा तो व्यापाऱ्याच्या वखारीतच. भाव वखारीत ठरे, आणि तो पटला नाही तर माल घेऊन जायला दुसरी जागा नव्हती. व्यापारी वाईट होते असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल, त्यांच्यातही दिलदार माणसे होती आणि अडीनडीला उचल त्यांच्याकडूनच मिळे. प्रश्न माणसाचा नव्हता, एकाच दाराचा होता. मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला, तो याच एका दारापुढे. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले. ज्या घरांनी ते दिवस पाहिले त्यांना मक्तेदारी या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही.

आणि दार सरकारचे असले म्हणजे ते आपोआप चांगले होते असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्याबाहेर ऊस नेण्यास बंदी घातली होती. कारखान्यांना गाळपाला ऊस कमी पडेल, हे कारण. शेतकरी संघटनांनी आवाज उठवताच काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. आपण महाराष्ट्रात जाण्यासाठी दोन पिढ्या लढत आहोत, तरीही त्या वेळी आम्ही ही बंदी चुकीचीच मानली. दूधगंगेच्या अलीकडचा असो की पलीकडचा, उसाला दोन कारखाने असले तरच काट्यावरचा माणूस नीट बोलतो.

आता कायद्याकडे पाहू. आपल्या देशात १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा होता, त्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला आणि त्याखाली भारतीय स्पर्धा आयोग स्थापन झाला. अँड्रॉइडविषयीची तक्रार या आयोगापुढे नेली ती कोण्या बड्या कंपनीने नव्हे, तिघा तरुणांनी, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. २०१९ मध्ये चौकशीचा आदेश झाला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. पाचच दिवसांनी प्ले स्टोअरमधील पैसेवसुलीच्या अटींसाठी आणखी ९३६.४४ कोटी. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे, की फोन बनविणाऱ्यांना प्ले स्टोअर हवे असेल तर गुगलचा सगळा संच घ्यावा लागतो, तो ठळक जागी बसवावा लागतो, आणि अँड्रॉइडचे वेगळे रूप बाजारात आणता येत नाही. पहिल्या आदेशाला स्थगिती देण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये नकार दिला, आणि गुगलला आपल्या काही अटी खरोखरच सैल कराव्या लागल्या.

येथवर कोणालाही आनंद व्हावा. पण पुढचे कमी लोकांनी वाचले. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि आयोगाच्या दहांपैकी चार सूचना रद्द केल्या. रद्द झालेल्यांत एक अशी होती की इतरांची ॲप-दुकाने प्ले स्टोअरमधूनच मिळू द्यावीत, आणि दुसरी अशी की बाहेरून ॲप घेण्यावर अडथळे घालू नयेत. म्हणजे वखारवाल्याला दंड झाला, वखार होती तेथेच राहिली. पैसेवसुलीच्या प्रकरणातील दंडही मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. ॲपलविरुद्ध चौकशीचा आदेश २०२१ च्या अखेरीस झाला, त्याचे गाडे अजून रखडतच चालले आहे. युरोपने मात्र आधीच कायदा करून मार्च २०२४ पासून ॲपलला आयफोनवर दुसऱ्यांची ॲप-दुकाने येऊ देणे भाग पाडले. आपल्याकडे त्याच महिन्यात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. बड्या कंपन्यांना आधीच नियम घालून द्यावेत, दहा वर्षांनी दंड करीत बसू नये, हा त्यातला विचार. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये हेच सुचवले होते. मसुदा पुढे मागे पडला.

दुसरे दार उघडण्याचा प्रयत्न आपल्याच लोकांनी केला नाही असे नाही. आयआयटी मुंबईच्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडस ओएस ही भारतीय भाषांतून चालणारी फोनची प्रणाली उभी केली, २०१५ च्या सुमारास ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली. इंग्रजी न येणाऱ्याला आपल्या भाषेत ॲप शोधता यावे हा त्यांचा हेतू होता. पुढे फोनपेने ही कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू केले, त्यात मराठीसह बारा भारतीय भाषा आहेत. पण ते प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही. बाहेरून घ्यायला गेले की फोन धोक्याची सूचना दाखवतो, आणि आपली काकू-मावशी घाबरून फोन खाली ठेवते.

तिची भीती अगदीच खोटी नाही, हेही सांगितले पाहिजे. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते आणि ती उघडताच खात्यातले पैसे जातात, अशा फसवणुकी अनेक ठिकाणी झाल्या आहेत. अनोळखी फाइल उघडू नये, हे आम्ही पुन्हा बजावतो. तथापि दारावर पहारा आहे म्हणून आत चोर नाहीत, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलला प्ले स्टोअरवरून २२०० हून अधिक फसवी कर्जाची ॲप्स काढावी लागली, असे सरकारनेच संसदेत सांगितले. ती सारी पहाऱ्याच्या आतच होती.

आमची खरी चिंता मात्र पैशांची नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियात मतदान सुरू झाले त्याच दिवशी विरोधी नेते ॲलेक्सी नवाल्नी यांच्या गटाचे मतदारांसाठीचे ॲप ॲपल आणि गुगल या दोघांनीही सरकारी दबावाखाली काढून टाकले. सरकारला गावोगाव पत्रके जप्त करीत फिरावे लागले नाही, दोन दारे बंद केली की काम झाले. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली, महाराष्ट्राच्या मंत्र्यांना येऊ दिले नाही, हे आपण विसरलेलो नाही. तरीही माणसे पोचतात, पत्रके पोचतात, कारण गावाला वाटा अनेक आहेत. ज्या समाजाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि ज्याचे भांडण थेट सरकारशी आहे, त्याने आपली सगळी सूची, सगळा संपर्क एकाच दाराआड ठेवणे शहाणपणाचे नाही.

सबब कार्यकारिणीपुढे आमचे म्हणणे असे आहे. ॲप जरूर काढावे, पण आधी साधे संकेतस्थळ करावे, जे कोणत्याही फोनवर कोणाच्या दुकानातून न घेता उघडते. नोंदणी शुल्क ॲपमध्ये न घेता कार्यालयात अथवा बँकेत घ्यावे. सभासदांची नावे-पत्ते आपल्या वहीत आणि आपल्या संगणकावर राहावेत, आणि छापील सूची एकदम बंद करू नये. घरातील वडीलधारी मंडळी स्थळ तिच्यातच पाहतात. याबरोबरच डिजिटल स्पर्धा विधेयक संसदेपुढे आणावे आणि ॲप-दुकानांसंबंधीची कलमे त्यात स्पष्ट असावीत, असे निवेदन चिकोडीच्या खासदारांना, तसेच कोल्हापूर व हातकणंगलेच्या खासदारांना द्यावे. सीमाप्रश्नावर हे तिघे एका बाजूला बसणार नाहीत हे आम्ही जाणतो, पण या विषयावर बसायला त्यांना अडचण दिसत नाही.

निवेदनाचा मसुदा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार आहे. सह्यांचे कागद प्रत्येक गावच्या प्रतिनिधीकडे दिले असून ते पुढील मासिक बैठकीपूर्वी कार्यालयात पोचते करावेत. दुकानदार आणि सायबर कॅफेवाले बांधव यांच्या सह्या आवर्जून घ्याव्यात.